हणमंतरावांचा दम

बंगळूरच्या बनशंकरी भागातले हणमंतराव तिथल्याच एका सरकारी कारखान्याच्या हिशेब खात्यात होते. काम खुर्चीतले, त्यामुळे त्यांना दम लागतो की नाही, हा प्रश्न आजवर कुणाला पडला नव्हता. नव्वदच्या दशकात उदारीकरण आले आणि तो पडला. स्वेच्छानिवृत्तीला कुणी स्वेच्छेने पुढे येईना, तेव्हा व्यवस्थापनाने पन्नाशीवरच्यांसाठी 'वैज्ञानिक क्षमता चाचणी' जाहीर केली.

चाचणीत तोंडावर मुखवटा बांधून जागच्या जागी सायकल मारायची होती. हणमंतरावांनी थोडी मारली आणि हँडलवर डोके टेकले.

"वयाबरोबर स्नायूंतले मायटोकॉन्ड्रिया कमी होतात, उरतात ते मंदावतात," कारखान्याचे डॉक्टर हयवदन म्हणाले. "पेशींच्या चुलीच त्या. त्या थंडावल्या की श्वास कितीही घ्या, ताकद तयार होत नाही."

"पण डॉक्टर, बेरीज करायला दम कुठे लागतो?"

"ते माझ्या विषयात येत नाही."

पर्सोनेल अधिकारी उमाकांत नुकतेच पुण्याहून आले होते. ते समजुतीने म्हणाले, "हणमंतराव, तुमच्याबद्दल कंपनीला रिस्पेक्टच आहे. प्रॉब्लेम फक्त तुमच्या मायटोकॉन्ड्रियाचा आहे."

मुलगी रक्षिता अजून इंजिनिअरिंगला होती. हणमंतरावांनी फेरचाचणी मागितली. तशी तरतूद होती, कारण ती कुणी मागणार नाही याची व्यवस्थापनाला खात्री होती.

डॉक्टरांनी दार लोटून घेतले. "रोज भरभर चाला. चुली या वयातही वाढतात. हे मी सांगितलेलं नाही."

दुसऱ्या दिवसापासून हणमंतराव पत्नीबरोबर पहाटे जयनगरपर्यंत चालू लागले.

"वसुमती, स्वल्प हळू चल की."

"मी हळूच चालतेय," पुढे गेलेल्या वसुमतीबाई म्हणाल्या.

काही महिन्यांनी दोघे बरोबरीने चालू लागले. आणखी काही महिन्यांनी कचेरीच्या तिसऱ्या मजल्यावर पोचलेले हणमंतराव लिफ्टमधून बाहेर पडणाऱ्या तरुणांना जिन्यातूनच नमस्कार करू लागले.

फेरचाचणीत डॉक्टरांनी यंत्र दोनदा तपासले. दम चाळिशीतल्या माणसाचा निघाला. हणमंतराव ही बातमी घेऊन जवळजवळ धावतच उमाकांतांकडे गेले.

उमाकांतांना खरोखर आनंद झाला. "ग्रेट! एवढी हेल्थ असताना खुर्चीत बसणं म्हणजे वेस्ट आहे. रिटायरमेंट एंजॉय करायला अशीच माणसं हवीत."

"आणि मी नापास झालो होतो तेव्हा?"

"तेव्हा तुम्हाला विश्रांतीची गरज होती."

हणमंतरावांना ओरडायचे होते. छातीत त्यासाठी आता पुरेसा श्वासही होता. पण ओरडायचे कुणावर, हे त्यांना कळेना. अखेर त्यांनी स्वेच्छेने सही केली.

निरोपाच्या दिवशी सहकाऱ्यांनी हणमंतरावांना हार घातला. भाषणाच्या शेवटी उमाकांतांनी जाहीर केले की, योजनेचे यश पाहता ही चाचणी आता चाळिशीपासून लागू होईल. चाळिशी ओलांडलेले खाली पाहू लागले. चाळिशीच्या आतल्यांनी मात्र कडकडून टाळ्या वाजवल्या, आपण कायमचेच आत राहणार आहोत अशा विश्वासाने.