सत्तावीस रकाने

आमच्या पलूसमधले सर्जेराव सुभेदार रोज सकाळी पळून आले की वाटेत किती कुत्री मागे लागली ते वहीत लिहितात. ओळखीची वेगळी, अनोळखी वेगळी. फौजेतून निवृत्त झाले तरी अहवाल द्यायची सवय सुटलेली नाही, आणि आता वर साहेब नाही म्हणून तो मला ऐकावा लागतो. कारण त्यांच्या वह्या छापणारा मी.

माझा खरा धंदा लग्नपत्रिकांचा. ऐन लग्नसराईत मी नवरीच्या मामांची नावं तपासत असतो आणि हे टेबलावर कागद आपटतात.

"दिलीप, एक रकाना वाढव."

"आवं सुभेदार, पळायच्या वहीत लागतं काय? तारीख, अंतर, वेळ. झालं की."

"तसं न्हाई रं गड्या. माणूस वेगळा, रकाना वेगळा."

पळणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या मापाची वही, हा त्यांचा ध्यास. बँकेतल्या पाटीलबाईंच्या वहीत 'गप्पांत किती वेळ गेला' हा रकाना. कारखान्याच्या वॉचमनच्या वहीत 'चहा पळण्याआधी, नंतर, की ऐवजी'. एकदा 'उसाच्या ट्रॉलीच्या पुढे की मागे' असा रकाना घेऊन आले. मी वैतागून म्हटलं, "ट्रॉलीवाल्यालाही एक वही छापू का?" त्यांनी खरोखर विचार केला आणि म्हणाले, "त्यो पळंल असं वाटत न्हाई."

पण सगळ्यात जास्त छळ सचिनच्या वहीचा. सचिन त्यांचा एकुलता एक मुलगा, तोही फौजेत, लांब बर्फात. रोज पळतो आणि दर रविवारी भरलेल्या पानाचा फोटो पाठवतो. फोनवरचं बापलेकांचं बोलणं मी दुकानात बसून ऐकलंय. "बरा हायेस?" "हाय." "ठिवू?" "ठेवा." संपलं.

त्याच्या वहीत आधी अंतर आणि वेळ होती. मग 'पायमोजे कोरडे होते का' आलं. मग 'पळायच्या आधी काय खाल्लं', 'झोप किती', 'कुणाशी भांडण', 'हसायला कवा आलं'. सत्तावीस रकाने झाले. पान आडवं केलं तरी मावेना, शेवटी कॅलेंडरच्या कागदावर छापलं. माझं डोकंच फिरलं.

"हसण्याचा आणि पळण्याचा संबंध काय हो?"

"आदी त्याची आई इचारायची ह्ये सगळं," ते कागदाकडे बघत म्हणाले. "ती गेली. मला फोनवर इचारता येत न्हाई."

त्यानंतर मी कुरकुर केली नाही. म्हणजे, कमी केली.

मग एका रविवारी फोटो आला नाही. पुढच्या रविवारीही नाही. सोमवारी सुभेदार दुकानात आले आणि हळूच खुर्चीवर बसले.

"दिलीप, रकाने काढून टाक. तारीख आन् अंतर ठेव फकस्त. माझंच चुकलं. लय इचारलं, पोरगं कटाळलं."

इतके दिवस मला हेच हवं होतं. पण कॉम्प्युटरवर एकेक रकाना पुसताना बोट जड झालं, खोटं कशाला सांगू. पाच-सहा पुसले असतील, तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. सचिनने फोटो पाठवला होता.

भरलेलं पान नव्हतंच. पट्टीने आखलेला नवा कागद होता. वर लिहिलं होतं, 'आबांची वही'. रकाने चारच. गुडघा कसा आहे. काय जेवलात. गोळी घेतली का. आज कोणाशी बोललात. खाली एक ओळ: 'दोन आठवडे रेंज नव्हती. आता आधी तुम्ही भरा, मग मी भरतो.'

सुभेदारांनी दोनदा वाचलं. मग माझ्याकडून कोरा कागद घेतला, तसेच रकाने आखले आणि भरायला लागले. गुडघा: बरा. जेवण: भाकरी, दूध. गोळी: व्हय. चौथ्या रकान्यापाशी पेन थांबलं ते थांबलंच.

"दिलीप," मान वर न करता ते म्हणाले, "हितं दुकानात बोल्ल्यालं धरत्यात का रं?"

"धरतात की," मी म्हटलं. "लिहा."

त्यांनी माझं नाव लिहिलं. सावकाश, आडनावासकट.