दर पाचवं दार

वरचा थर

मतीन मामूंनी आणलेल्या स्थळात एकही खोट नव्हती, आणि नेमकी तीच गोष्ट फारुखला खटकत होती.

"पोरगा कसा आहे?"

"लाख में एक."

"स्वभाव?"

"लाख में एक."

"आई-बाप?"

"भाईजान, आता काय सांगू..."

"लाख में एक," फारुखनंच सांगून टाकलं. "मामू, तुमच्याजवळ हा एकच शिक्का आहे का?"

मतीन मामूंनी जमवलेली लग्नं अमडापूरपासून मेहकरपर्यंत पसरली होती, आणि प्रत्येक लग्नाआधी ते हेच बोलले होते. मुलगा जानेफळचा. नाव नौशाद. विहिरीवरच्या जळलेल्या मोटारी बांधून देण्याचं काम. फोटोत तो भिंतीला टेकून उभा होता आणि हसत होता. कशाला हसत होता, हाही फारुखला प्रश्नच होता.

फारुख अमडापुरात सोयाबीन घ्यायचा. शेतकरी पोतं उघडून वरचे दाणे ओंजळीत धरायचा, आणि फारुख तिकडे न बघता लोखंडी परखी पोत्याच्या बुडात खुपसायचा. वर वाळलेलं, खाली ओलं, हे त्यानं इतक्यांदा पाहिलं होतं की सासरवाडीचा शिरखुर्माही तो तळातून ढवळूनच वाढून घ्यायचा.

आणि मलिहा होती. त्याची बहीण. तिच्या वेळी अब्बांनी मुलाची चौकशी तीन जणांकडे केली. तिघांनीही तारीफ केली. ते तिघेही मुलाचे चुलतभाऊ होते, हे निकाहानंतर कळलं. मलिहा माहेरी परत आली, शिवणकाम करू लागली, हसू-बोलूही लागली. पण घरात कोणाच्या लग्नाची पत्रिका आली की तिला स्वयंपाकघरात काहीतरी काम आठवायचं.

"माह्या पोरीच्या, मदिहाच्या बाबतीत हे होणार नाही," फारुख म्हणाला. "मी स्वतः जातो जानेफळले."

"ऐन सीझनमधी?" त्याची बायको शबाना म्हणाली. "दुकानावर कोन बसन?"

"तू बैस."

"मले परखी मारता येत नाही."

"पाहुणे आले की लाडवाच्या डब्यात हात कुठपर्यंत घालतेस? तसंच."

मामूंची माणसं

पहिल्या दिवशी तो मामूंनी सांगितलेल्या लोकांना भेटला. बसस्टँडवरचा चहावाला गोपाल, किराणावाला, मशिदीजवळचा शिंपी. तिघांनीही तारीफ केली. शिंप्यानं तर विचारायच्या आधीच केली.

घरी येऊन त्यानं हे सांगितलं तेव्हा मदिहा ताटात भाकरी मोडत होती. ती चिखलीच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती आणि तिचा विषय संख्याशास्त्र होता.

"अब्बू, हे तर मामूंनीच निवडलेले लोक."

"मंग?"

"वरच्या थरातून मूठ भरून आले तुम्ही."

हे फारुखला त्याच्याच भाषेत कळलं होतं, म्हणून जास्त लागलं.

"मंग कोनाले विचारू?"

"कोनाले विचारायचं हे तुम्हीबी नाही ठरवायचं, मामूंनीबी नाही. गल्लीच्या टोकापासून सुरू करा. दर पाचवं दार. जो निघन त्याले विचारायचं. आवडो, नावडो."

"पोरीच्या लग्नाची चौकशी पोरगीच शिकवून राह्यली," शबाना म्हणाली. "बघा हो, काय जमाना आला."

मदिहा खाली मान घालून भाकरी खात राहिली. फोटो मात्र तिच्या वहीत होता, आणि तो तिथं कसा गेला हे फारुखनं विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर बुडातून आलं असतं का, याची त्याला खात्री नव्हती.

दर पाचवं दार

दुसऱ्या दिवशी एक अनोळखी माणूस जानेफळच्या गल्लीतून चालू लागला. त्याच्या खिशाला पेन होतं. तो दारांकडे बोट करून पुटपुटत होता, पाचव्या दाराशी थांबत होता आणि विचारत होता, "हा नौशाद, मोटारी बांधनारा, कसा माणूस आहे?"

पहिलं पाचवं दार बंद. दुसरं बंद. सगळं गाव सोयाबीनच्या सोंगणीला गेलेलं. तिसऱ्या दारात एक म्हातारे आजोबा होते. त्यांना ऐकू कमी यायचं आणि सांगायचं पुष्कळ होतं, पण त्यातलं काहीच नौशादबद्दल नव्हतं.

चौथ्या ठिकाणी ओट्यावर डोक्यावर ओढणी घेतलेली एक बाई भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती.

"नौशाद ना? चांगला आहे," ती म्हणाली. "पण विसरभोळा लय. दुधाले पाठवलं तर बाकी सारं आनन, दूध सोडून. आन दुपारी झोपला का मंग बाजूले बँड वाजवा." तिनं टरफलं बाजूला सारली. "तुम्ही कोन म्हनायचे?"

"असाच. सहज."

"सहज कोनी दारं मोजत नाही, भाईजान."

फारुख घाईनं पुढं निघाला. आणि त्याच्या पुढं, त्याच्याहून घाईनं, बातमी निघाली.

खिशाला पेन. वर तारांकडे नजर, कारण दारांवरचे नंबर उंच होते. चौकशी मोटारवाल्याची. एवढं गावाला पुरेसं होतं. वीजचोरी पकडणारा साहेब साध्या कपड्यात आलाय, हे पुढच्या गल्लीला तो पोचण्याआधीच कळलं. फारुखला एवढंच दिसलं की तो गल्लीत शिरला की गच्चीवर कोणीतरी बांबू घेऊन धावतं, तारेवरून एक आकडा खाली येतो, आणि घरातला पंखा मंदावतो.

पुढच्या दाराशी कडूबा नावाचा शेतकरी होता.

"नौशाद? कोन नौशाद?"

"मोटारी बांधतो तो."

"आमच्या गावात मोटारच नाही, साहेब."

मागं विहिरीवर मोटार घुरघुरत होती. दोघांनीही ती ऐकली.

"टिटव्या आहेत," कडूबा म्हणाला.

चौकातल्या बाकड्यावर उत्तमराव बसले होते. वयानं, मानानं मोठा माणूस. हे खोटं बोलणार नाहीत, असं फारुखला वाटलं.

"या नावाचा पोरगा जानेफळात नाही," उत्तमराव शांतपणे म्हणाले.

त्यांच्या डोक्यावर निळ्या अक्षरांचा बोर्ड होता: 'नौशाद मोटार रिवाइंडिंग'. शटर खाली होतं.

फारुखनं बोर्डाकडे पाहिलं. उत्तमरावांनी फारुखकडे पाहिलं.

"तो बोर्ड जुना आहे," उत्तमराव म्हणाले.

त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या खांद्यावर ताज्या निळ्या रंगाचा थेंब पडला होता.

जो नाहीच

"म्हंजे पोरगा चोर आहे," फारुख घरी येऊन म्हणाला. "सारं गाव लपवून राह्यलं."

"का मंग लय चांगला आहे," शबाना म्हणाली. "हरभरा पेरायची वेळ आली. मोटार बांधनारा पोरगा कोन हातचा जाऊ देईन?"

"दोन्ही होऊ शकते," मदिहा म्हणाली. "हे लोक नौशादबद्दल बोलत नाहीत, तुमच्याबद्दल बोलतात. तुम्ही कोन आहात असं त्याईले वाटलं, त्याचं उत्तर आहे हे."

"मंग आता?"

"आता जो नाहीच त्याच्याबद्दल विचारा. काहीतरी नाव घ्या. मंग कळन कोनाच्या बोलन्याले किती वजन आहे."

फारुखला बायकोच्या पोटी हे काय जन्माला आलं असं वाटलं. मग हे आपल्याच वळणावर गेलंय, हे त्याच्या लक्षात आलं. सकाळी तो पेन घरी ठेवून, टोपी घालून निघाला आणि त्यानं सत्तार नावाच्या, कधीही न जन्मलेल्या मुलाची चौकशी केली.

गोपाल: "सत्तार? तो तर सूरतले गेला ना. कपड्याच्या कामाले. चांगला पोरगा."

किराणावाला: "मागच्याच हप्त्यात आला होता. साबन घेऊन गेला."

शिंपी: "लाख में एक."

कडूबा: "त्याचा आन विजेचा काही संबंध नाही."

उत्तमराव: "सत्तारचे वडील आन मी एका शाळेत होतो."

शेवटी फारुख त्या ओट्यावर पोचला. शेंगावाली बाई तिथंच होती.

"सत्तार?" तिनं डोळे बारीक केले. "या नावाचा कोनी नाही गावात. काल नौशाद, आज सत्तार. उद्या कोन?"

फारुखला तिच्या पाया पडावंसं वाटलं. अख्ख्या जानेफळात ज्याला 'नाही' म्हणता येतं असं हे एकच माणूस होतं.

संध्याकाळी मतीन मामूंचा फोन आला. "भाईजान, नौशादचं राहू द्या. त्याच गावात दुसरा पोरगा आहे म्हनतात. सत्तार. सूरतले असतो. सारं गाव तारीफ करून राह्यलं. दोन घरच्या लोकाईनं तर विचारनाबी केली."

फारुखनं फोन ठेवून दिला.

उरलेलं

म्हणून बाकी सगळी उत्तरं त्यानं मनातून फेकून दिली. उरली एक. विसरभोळा, दुपारी झोपतो, पण चांगला आहे. एवढ्यावर त्यानं मलिहाला विचारलं. ती शिलाई मशीनवरून मान न उचलता म्हणाली, "माह्या वेळी कोनी ऐबच सांगितला नव्हता, भाई. एक जरी सांगितला असता..." आणि दोरा ओवू लागली.

जुम्म्याची नमाज झाल्यावर फारुख, शबाना आणि मदिहा जानेफळला गेले. मदिहानं अट घातली होती की ती नौशादशी बोलेल, दार उघडं ठेवून, पण एकटी बोलेल. ती आतल्या खोलीत गेली. बैठकीत चहाचा ट्रे आला आणि फारुख अर्धवट उठला.

ट्रे शेंगावालीच्या हातात होता.

"या भाईजान," ती म्हणाली. "पहिला कप चालन, का पाचवाच घेता?"

"तुम्ही... नौशादच्या..."

"अम्मी."

"पन तो ओटा..."

"सिंधूताईचा. माह्या घरी ऊन येते, म्हनून शेंगा तिकडं फोडते."

फारुखच्या डोळ्यांपुढं सगळा हिशेब कोसळला. इतकी धडपड करून गावातला एकच खरा माणूस त्यानं शोधला होता, आणि ती मुलाची आई निघाली.

"मंग आपल्याच पोराचे ऐब काऊन सांगितले?"

"तारीफ केली असती तर तुम्ही ऐकली असती?" तिनं कप पुढं केला. "दारं मोजत आले तुम्ही तवाच समजले मी. वीजवाला माणूस तारा मोजतो. दारं मोजतो तो पोरीचा बाप. खोटं नाही बोलले मी. पन सारंबी नाही सांगितलं."

"काय नाही सांगितलं?"

"ते सांगितलं तर मंग काय उरलं?" ती शांतपणे म्हणाली. "आता तुमची पाळी. मदिहाचे दोन ऐब सांगा."

फारुखनं तोंड उघडलं. त्याला खरंच दोन ऐब सांगायचे होते. त्यानं आठवून पाहिलं. तिचं बालपण आठवलं, ताप आठवले, पहिला नंबर आठवला.

"पोरगी..." तो म्हणाला, "लाख में एक आहे."

स्वतःचा आवाज ऐकून त्याचे कान तापले. शबानानं पदरात तोंड लपवलं.

"हाव," नौशादची अम्मी म्हणाली. "मतीन मामूबी हेच म्हनत होते."

"सकाळी उठत नाही," शबाना म्हणाली. "आन बापासारखी शकी आहे. कोनाचाच भरोसा नाही तिले."

"हे बरं सांगितलं, बहेन."

तेवढ्यात आतल्या खोलीतला मदिहाचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

"नाही, हेच मघाशीबी विचारलं होतं मी. पुन्हा विचारून राह्यले. लग्नानंतर मले नोकरी करायची, तर चालन का? उत्तर बदलते का ते पाह्यचं आहे."

फारुखनं कप हातात घेतला, पण ओठाला लावला नाही.

"पह्यल्यांदा काय म्हटलं होतं मी?" नौशादचा आवाज.

"ते मी काऊन सांगू?"

"मले तर आठवत नाही," नौशाद म्हणाला. तो खरोखर आठवून बघत असावा, कारण मधे बराच वेळ गेला. "पन चालन. आता तरी मले असंच वाटते. आधी दुसरं काही म्हटलं असन तर ते मिटवून टाक."

मदिहा हसली. फारुखनं ते हसणं कान देऊन ऐकलं, त्यात काही लपलंय का ते पाहिलं, आणि चहाचा घोट घेतला.