बायको बसली की सुरू होणारी गाडी

हेडक्लार्कने हौसेने जुनी गाडी घेतली आणि सकाळचं सुख घालवून बसला. थंड इंजिन त्याला काही दाद देईना. चावी फिरवली की गाडी म्हाताऱ्यासारखी खोकायची आणि गप्प व्हायची. बायको शेजारी येऊन बसली की मात्र पहिल्या फटक्यात सुरू. म्हणून रोज सकाळी ती गाऊनवर ओढणी घेऊन, पर्स सांभाळत (दाराला लॅच, किल्ली पर्समध्ये) खाली यायची आणि फाटकाशी उतरून परत जायची. मेकॅनिककडे गाडी न्यावी, तर तिथे पोचेपर्यंत इंजिन गरम आणि गाडी गुणी बाळ.

"उद्यापासून मी येणार नाही," एका रविवारी बायको म्हणाली. "गाडी तुमची, ऑफिस तुमचं. माझी झोप का मोडता?"

आणखी एकदा उशीर झाला तर साहेब हेडक्लार्कला तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये बसवणार होते. त्याने डोकं खाजवून खाजवून निदान केलं. सीटखाली एखादी वायर सैल असणार आणि बायकोच्या वजनाने ती टेकत असणार. (शास्त्र शाखेत तो एक वर्ष होता.) त्याने सीटवर गव्हाचं पोतं ठेवलं. गाडी खोकली. पोत्यावर मिक्सर ठेवला, त्यावर कुकर. तरी खोकलीच.

"अगं, तुझं वजन नक्की किती?" त्याने खालूनच गॅलरीकडे तोंड करून विचारलं.

इमारतीच्या सगळ्या खिडक्या उघडल्या. बायको तरातरा खाली आली. तिने सामान मागे लोटलं, सीटवर बसली, डॅशबोर्डवरची खुंटी ओढली आणि तिला पर्स अडकवली.

"करा सुरू. हे शेवटचं."

गाडी लगेच सुरू झाली. हेडक्लार्क मात्र खुंटीकडे बघत राहिला.

"ही तू रोज ओढतेस?"

"मग? आत असली की पर्स घसरते. उतरताना परत ढकलते, नाहीतर ओढणी अडकते. पर्ससाठी खास सोय आहे म्हणून तुम्हीच तर दाखवली होती."

दाखवली होती खरी. तो चोक होता, थंड इंजिनला जरा जास्त पेट्रोल पाजणारा. हेडक्लार्कने कपाळावर हात मारला, मग त्याला हसू फुटलं, आणि बायको तर पोट धरून हसली.

सोमवारी त्याने स्वतः चोक ओढला. गाडी बायकोशिवाय सुरू झाली. तो इतका खूश झाला की शिपायाच्याही आधी ऑफिसात पोचला आणि बंद दारापुढे शीळ घालत उभा राहिला.

संध्याकाळी घरी आला, तर सोफ्यावर सासूबाई आणि शेजारी त्यांची बॅग. तळमजल्यावरच्या आजींनी त्यांना फोन केला होता: काल जावयाने चारचौघांत मुलीचं वजन काढलं, आज ती त्याला सोडायलाही उतरली नाही.

हेडक्लार्कने चोक पहिल्यापासून समजावून सांगितला. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"ते इंजिनाचं असेल तसं," त्या म्हणाल्या, "पण लोकांना काय दिसतं? उद्यापासून दोघं जोडीने खाली उतरा. मी पंधरा दिवस आहे. मागे बसून बघते."

आता ती गाडी सुरू करायला तिघं लागतात.