डाव्या हाताची बटणं

मगदूम अण्णा संगणकासमोर बसले की उजवा हात मांडीखाली दाबून घेत आणि सगळं काम एकट्या डाव्या हातानं करत. कसबा बावड्यातल्या आमच्या छोट्या ऑफिसात हा रोजचा विनोद होता. "अण्णा, उजवा हात पगारी रजेवर हाय काय?" असं कुणी विचारलं, की मान न वळवता ते म्हणत, "हाय की. तुझ्यागत हजेरी लावून झोपत तर न्हाय!"

दुसरं वेड मोडचं. आम्ही टाईप करायचो त्या एडिटर सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक कामाची वेगळी रीत, म्हणजे मोड: पत्राला एक, तक्त्याला दुसरा, प्रोग्रामला तिसरा. या तिघांच्या वर अण्णांनी एक मूळ मोड लिहिला होता, त्याला ते 'आई' म्हणत. शॉर्टकटचं बटण तिथं एकदा ठरवलं की खालच्या सगळ्यांना आपोआप मिळे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. हे सगळं मला अण्णांनी शिकवलं, तेही स्टूल ओढून शेजारी बसवून. एकदा तक्त्याच्या मोडात मी हौसेनं फाईल सेव्ह करायला वेगळं बटण ठेवलं. अण्णा कडाडले, "आईचं बटण असताना पोराची वेगळी चूल कशाला? आईनं काय घोडं मारलंय तुझं?"

चहाला राग उतरल्यावर त्यांनी कारण सांगितलं. त्यांची बायको, आमच्या वहिनी, मंगळवार पेठेतल्या घरी टायपिंगची कामं घ्यायच्या. मग लकव्यानं त्यांची उजवी बाजू गेली.

"टायपिंग गेलं, मग माझं काय उरलं, म्हणती. जेवायला बी उठंना. घरच्या जुन्या संगणकावर ह्योच एडिटर घालणार हाय. पत्र असू दे न्हायतर तक्ता, बटण तेच, आन् डाव्या हाताखाली. मोडागणिक बटण बदललं तर तिच्या ध्यानात कसं ऱ्हायचं?"

काही महिन्यांनी एका रविवारी ते मला घरी घेऊन गेले. वहिनी टाईप करत होत्या. सावकाश, पण न थांबता. पत्र संपवून तक्त्यात शिरल्या, तरी बोटं अडखळली नाहीत.

"बघ की," अण्णा माझ्या कानाशी म्हणाले.

मला फार बरं वाटलं. पण तोवर गल्लोगल्ली डीटीपी सेंटरं झाली होती. एका हातानं सावकाश टाईप करणाऱ्या वहिनींना काम देतं कोण, असं मनात येतंय तोच टेबलावरच्या कागदांकडे नजर गेली. आमच्याच ऑफिसची मागच्या वर्षीची पत्रं होती ती, केव्हाच टाईप होऊन रवाना झालेली. वरचं तर मीच टाईप केलं होतं.

वहिनींनी आपले छापलेले कागद डाव्या हातानं अण्णांपुढे सरकवले. "तुमच्या सायबांना सांगा, जरा उशीर झाला."

"काय म्हणत न्हाईत ते. खूश हायत."

मग त्या माझ्याकडे वळल्या. जीभ अजून जड होती. "भावजी, पुढचं काम कधी देणार हायत सायब?"

अण्णा मान खाली घालून कागदांच्या कडा जुळवत राहिले.

"सोमवारी," मी म्हणालो. "यंदा काम लई हाय, वहिनी."