सटवाजी आणि दुसऱ्यांच्या शेगड्या

दुसऱ्याच्या घरात न विचारता शिरून पेटत्या शेगडीवर तांब्याभर पाणी ओतणाऱ्या माणसाला काय म्हणावं, ते तुम्हीच ठरवा. मी त्याला सटवाजी म्हणत असे, कारण त्याचं नाव ते होतं. दुसरं जे म्हणावंसं वाटे, ते मास्तराच्या तोंडी शोभलं नसतं.

कळमनुरीला शाळेच्या मागेच माझं बिऱ्हाड होतं आणि भिंतीला भिंत लागून सटवाजीचं घर. गावाबाहेर त्याची चुन्याची भट्टी. पन्नाशी उलटलेला, एकटा गडी. हिवाळ्यात बगलेत एक मडकं घेऊन फिरायचा. मडक्यात भाजलेल्या चुन्याचे खडे, त्यावर बेतानं पाणी, वर झाकण आणि भोवती चिंध्या. चुना रटरटायचा आणि मडकं तापायचं. जो भेटेल त्याच्या गालाला ते लावून म्हणायचा, "धूर न्हाई, जाळ न्हाई, निस्ती ऊब." गाल कुणाचा आहे, याचा विधिनिषेध नाही. एकदा आमच्या हेडमास्तरांच्या गालाला लावलं.

उघड्यावरच्या शेकोटीचं त्याला काही नव्हतं. पण दार लावून कुणी शेगडीशी बसलेलं कळलं, की हा तांब्या घेऊन हजर. चौकीतल्या जमादाराची शेगडीही त्यानं विझवली. जमादारानं त्याला दिवसभर चौकीसमोर ओणवं उभं केलं. संध्याकाळी कंबर धरून आला, तेव्हा मी म्हटलं, "मिळालं का आता?" तर म्हणतो, "जमादार जित्ता हाय ना, मंग झालं." अशा माणसाशी काय बोलणार?

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवत असे, आणि तेही उर्दूत, कारण निजामाच्या राजवटीत हुकूमच तसा होता. चुन्यावर पाणी पडलं की हरारत, म्हणजे उष्णता, बाहेर पडते, हे मी मुलांकडून घोकून घेई. सटवाजीनं ते खिडकीतून ऐकलं.

"बाहेर पडती, व्हय. पर आत गेली कवा, ते काहून शिकवत न्हाई?"

"सटवाजी, वर्ग चालू आहे."

"तीन दिस भट्टीत लाकडं जाळतो मी. ती ऊब दगडानं गिळलेली असती. पाणी पाजलं की वकतो. हाय का तुमच्या बुकात?"

बुकात होतं. पुढच्याच पानावर होतं, आणि ते पान मी गाळलं होतं. त्यामुळे मला जास्तच राग आला.

खिडकीतला त्याचा मुख्य उद्योग मात्र वेगळाच होता. शाळेची घंटा वाजली रे वाजली, की तोंड आत. "मास्तर, ही घंटा कितवी?" चौथी म्हटलं की, "बराबर. मोठं मडकं तीन घंटे टिकून राहिलं." पोरं खिदळायची, माझा धडा पाण्यात. घरी गेल्यावर तो भिंतीवर कोळशानं रेघा ओढायचा. मडकं केवढं, खडे किती, पाणी किती, ऊब कुठवर. आतल्या भिंती रेघांनी काळ्या झाल्या होत्या. हे सगळं कशासाठी, असं मी एकदा चिडून विचारलं, तर "लागंल" एवढंच म्हणाला.

त्या पौषात माझी बायको आठव्या महिन्यातच बाळंत झाली. पोरगी एवढीशी, पाय गार, रडण्याचंही बळ नाही. ऊब द्या, नाहीतर हाती लागणार नाही, असं वैद्य सांगून गेले. डोंगरकड्याहून आलेल्या सासूबाईंनी रीतीप्रमाणे बाजेखाली इंगळाची शेगडी सरकवली आणि दारं-खिडक्या लावून घेतल्या. मी ओट्यावर बसून होतो. तेवढ्यात सटवाजी आला, मला ढकलून थेट बाळंतिणीच्या खोलीत घुसला आणि शेगडीवर पाणी ओतलं. राखेचा लोट उठला.

माझा तोल गेला. त्याची बंडी धरून मी त्याला बाहेर ओढलं आणि तोंडात मारली. आयुष्यात मी कुणावर उचललेला तो पहिला हात.

"माझं लेकरू गारठून मेलं तर?"

"मारा मास्तर, पर दार उघडं ऱ्हाऊ द्या."

सासूबाई कडाडल्या, "लाल इंगळाला धूर तरी असतो का रे?"

"दिसत न्हाई तोच वंगाळ, माय."

आतून बायकोचा बारीक आवाज आला. "दार उघडंच ठेवा. मघापासून डोकं फुटून राहिलंय माझं."

सटवाजी गेला आणि गोधडीत गुंडाळलेली दोन मडकी घेऊन आला. मग तो उंबऱ्याबाहेर बसला तो बसलाच. "धाकलं मडकं पायाकडं. अंगाला लावू नका, इतभर दूर. कोपरानं बघा, तळव्यानं न्हाई." आतलं मडकं निवायच्या आधीच बाहेर दुसरं तयार असायचं. घंटा झाली की विचारायचा, "कितवी?" आता मी वर्गाच्या खिडकीतून मुकाट्यानं सांगत असे. भट्टी तितके दिवस बंद होती.

बाराव्या दिवशी पोरगी मोठ्यानं रडली. वर्गात ऐकू आलं, तसा मी खडू टाकून धावत आलो. सासूबाई उंबऱ्यात डोळे पुसत होत्या. त्यांनी त्याला विचारलं, "हे तुला कुणी शिकवलं रे बाबा?"

"कुणी न्हाई. आमचं लेकरू बी आठव्यातलंच व्हतं," सटवाजी मडक्याकडे बघत म्हणाला. "थंडी लई व्हती. शेगडी मीच पेटवली. दार बी मीच लावलं. सकाळी मायलेकरं दोघं बी उठले न्हाईत." मग मडक्यावरची गोधडी नीट करत म्हणाला, "तवा मडक्याचं ठावं नव्हतं."

ज्या हातानं मी त्याला मारलं होतं, तो कुठे ठेवावा हे मला कळेना.

सासूबाईंनी पोरगी आणून त्याच्यापुढे धरली. त्यानं हात मागे घेतले. चुन्यानं चिरलेले, पांढरे पडलेले हात. "न्हाई माय, चुना हाय. लेकराला तकलीफ व्हईल." सासूबाईंनी ते हात धुवायला लावले, स्वतः गोडं तेल आणून चोळलं आणि मग पोरगी त्याच्या ओंजळीत दिली.

तो बसून राहिला. तिच्याकडे बघतही नव्हता, नुसते हात धरून होता. पलीकडे शाळेत घंटा झाली.

कितवी ते त्यानं विचारलं नाही.