दोष पंख्याचा

योगिनीला बघायला आलेल्या पाहुण्यांनी योगिनीला फारसं बघितलंच नाही. सगळे बघत राहिले ते कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरकडे.

त्याला कारण झाला नवऱ्या मुलाचा बाप. भिकाजीची देवगडात स्वतःची होडी होती, पण एकुलत्या एक मुलाला, निकेतला, होडीत पाय ठेवला की उलटी व्हायची. शेवटी त्याने कोल्हापूरला जाऊन हार्डवेअरचा कोर्स केला आणि देवगडच्या बाजारात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं. तेव्हापासून भिकाजी त्याला इंजिनिअर म्हणायचा. सुरुवातीला लाज झाकायला म्हणायचा, पुढे सवयीने.

विजयदुर्गला गुरुदासशेटच्या ओटीवर चहा यायच्या आधीच भिकाजी मुलाकडे बोट करून म्हणाला, "आमचो झील इंजनेर आसा."

"कसलो इंजनेर?" गुरुदासशेटनी विचारलं. त्यांचा बर्फाचा कारखाना होता, त्यामुळे ते कुठल्याही गोष्टीने लगेच वितळत नसत.

"कंपूटरचो."

गुरुदासशेट एकदम सरसावून बसले. "बरा झाला तुमी इलास! आमचो कंपूटर म्हयनोभर बंद आसा. बटण दाबला की नुसतो पीक पीक करता. वायच बगता काय तो?"

निकेतने नवा कोरा शर्ट घातला होता. तो तसाच टेबलाखाली शिरला. घरात स्क्रूड्रायव्हर नव्हता, म्हणून सुरीच्या टोकाने त्याने डबा उघडला. खाऱ्या हवेने आतल्या रॅमच्या पट्टीवर हिरवट थर चढला होता.

"खोडरबर आसा काय?" त्याने टेबलाखालूनच विचारलं.

चहाचा ट्रे घेऊन उभी असलेली योगिनी म्हणाली, "शिसपेन्सिलीचो काय शाईचो?"

"शिसपेन्सिलीचो."

वधू-वरांचं त्या दिवशीचं बोलणं एवढंच. पण निकेतला ते पुरलं. जी मुलगी खोडरबराची जात विचारते ती संसार नीट करणार, असं त्याला पट्टी घासता घासताच वाटून गेलं.

मशीन सुरू झालं. पडद्यावर हिरवी टेकडी आली आणि भिकाजीला ती टेकडी आपल्या मुलानेच उभी केल्यासारखं वाटलं. तेवढ्यात योगिनीची आई, सावित्रीकाकी, आतून एक कव्हर घेऊन आल्या. जाड दोऱ्याचं, क्रोशाने विणलेलं, मधोमध मोर आणि आतून रेक्झीनचं अस्तर.

"खाऱ्या वाऱ्यान लोखंड सडता, म्हणान माझ्या हातान इणलंय," त्या म्हणाल्या आणि त्यांनी ते चालू मशीनवर पांघरलं. पाठीमागची हवा जायची जाळी मोराच्या पिसाऱ्याखाली पार झाकली गेली. "बरा दिसता मां?"

कॉम्प्युटरला श्वास घ्यायला जागा लागते हे कोर्समध्ये अगदी पहिल्यांदा शिकवतात. निकेतला ते चांगलं आठवत होतं. पण काकींच्या खांद्याआडून योगिनी बघत होती आणि बापाने पायाच्या अंगठ्याने त्याला खुणावलं होतं.

"खूप बरा दिसता, काकी."

"चालू असताना घातला तर चलात मां?"

"चलात," निकेत म्हणाला.

निघताना गुरुदासशेट म्हणाले, "कळवतंव."

आणि खरंच, आठवड्याच्या आत दुकानात फोन वाजला. निकेतने हात शर्टाला पुसून रिसीव्हर उचलला. पलीकडे गुरुदासशेट होते. "अरे निकेत, कंपूटर आपसूक बंद पडता. वायच येशीत?"

त्याने दुकान बंद केलं आणि एसटी पकडली. कव्हराला हात लावला तर ते भाकरीच्या तव्यासारखं तापलेलं. काकी शेजारीच उभ्या होत्या.

"कित्याक बंद पडता रे?"

निकेतने मोराकडे बघितलं, मग काकींकडे. मोराच्या डोळ्याला काकींनी काचेचा मणी लावला होता. "पंखो कमजोर आसा, काकी," तो म्हणाला.

त्याने दुकानातला नवा पंखा आणून बसवला. पैशाचं विचारल्यावर "घरचोच कंपूटर" म्हणून मान हलवली. गुरुदासशेटनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. यातला आपलेपणा निकेतच्या मनाला फार भिडला. वर काकींनी जेवायला बसवून सुरमईचा तुकडा वाढला.

घरी आई वाटच बघत होती. तुळसा जन्मभर बाजारात मासे विकत आलेली बाई. माणसांची पारख ती माशांवरून करायची.

"जेवक घातल्यानी?"

"होय."

"काय घातल्यानी?"

"सुरमय."

"सुरमय म्हणजे पोरगो पसंत," तुळसाने सांगून टाकलं.

नवा पंखा त्या कव्हराखाली जिवाच्या आकांताने फिरत राहिला, पण गरम हवा जाणार कुठे? ती आतच फिरत राहिली आणि एके दिवशी वीज पुरवणारा सप्लायचा डबा जळाला. घरभर रबर जळल्याचा वास सुटला. निकेत नवा सप्लाय घेऊन गेला. या खेपेला ताटात बांगडा होता.

"बांगडो म्हणजे आता परकेपण नाय रवला," तुळसा म्हणाली.

सप्लाय जाताना हार्डडिस्क घेऊन गेला होता, हे मागाहून कळलं. नवी डिस्क दुकानात नव्हती, तेव्हा निकेतने आपल्याच दुकानातल्या मशीनची काढली. गिऱ्हाईकं येऊन परत जाऊ लागली. भिकाजीने एकदा दुकानात डोकावून बघितलं तर मुलगा उघड्या, पोकळ डब्यासमोर बसलेला.

"तू थंय कंपूटर दुरुस्त करतस काय हयसून थोडो थोडो नेऊन देतस?"

"लगीन ठरला की सगळा वसूल, बाबा."

"आणि नाय ठरला तर?"

ती डिस्क बसवली त्या दिवशी ताटात तारली आली. स्वस्तातली मासळी, तीही शेपटीकडची. तुळसा जराशी थांबली, पण हार मानणारी नव्हती. "तारले कोणाक वाढतंव आपण? घरच्या मानसाक."

त्याच खेपेला एक गोष्ट घडली, जी निकेतने घरी सांगितली नाही. काकी चहा टाकायला आत गेल्या होत्या आणि योगिनी बाहेर येऊन टेबलाजवळ उभी राहिली. बी.कॉम. झालेली मुलगी, बोलायची कमी, पण बोलली की समोरच्याला उत्तर शोधायला लागायचं.

"कंपूटर कित्याक तापता, तुमका म्हायत आसा मां?"

"पंखो वायच..."

"पंखो नवो आसा. तुमीच घातलास." तिने कव्हराचं एक टोक उचललं. खालून गरम वाफ आली. "माझी आये माझा ऐकणा नाय. तुमचा ऐकतली, तुमी इंजनेर. सांगा तिका."

तेवढ्यात काकी चहा घेऊन आल्या. "काय झाला रे? काय सापडला?"

योगिनी कव्हराचं टोक हातात धरून तशीच उभी होती. निकेतने तोंड उघडलं. आत्ता सांगायचं, असं त्याने खरोखर ठरवलं होतं. पण काकींनी चहात आलं घातलं होतं, आणि त्या हसून बघत होत्या.

"काय्येक नाय, काकी. लायटीचो दाब कमी-जास्त होता. स्टॅबिलायझर होयो."

योगिनीने कव्हर सोडलं, नीट सारखं केलं आणि ती आत गेली. पुन्हा बाहेर आली नाही. लाजली असेल, असं निकेतने एसटीत बसल्यावर स्वतःला समजावलं.

पुढचा फोन घाईचा होता. "तसोच ये. कंपूटर आज होयोच."

निकेत स्टॅबिलायझर मांडीवर घेऊन विजयदुर्गला उतरला. घराजवळ आला आणि थबकला. अंगणात मांडव होता. खुर्च्या होत्या. बायका अबोलीचे वळेसर माळून इकडेतिकडे करत होत्या. एक क्षणभर, फक्त क्षणभर, त्याला वाटलं की हे सगळं त्याच्यासाठीच आहे. यांनी बाबांशी परस्पर बोलून ठरवलं आणि आपल्याला चकित करायला बोलावलं. त्याने स्टॅबिलायझर एका हातात घेऊन दुसऱ्या हाताने केस सारखे केले.

"इलस? बरा झाला!" गुरुदासशेट धावत आले. "योगिनीचो साखरपुडो आसा. वास्कोचो पोरगो, जहाजार नोकरीक आसा. तेच्या बोटीच्या फोटोंची सीडी सगळ्यांका दाखवची आसा आणि ह्यो मेलो परत बंद!"

निकेतने स्टॅबिलायझर खाली ठेवला. "पण... तुमी कळवतंव म्हणाललास."

"अरे, म्हणाललंव खरा," गुरुदासशेट जरा गोंधळले, मग मोकळेपणाने म्हणाले, "पण तू सारखो येय होतस. म्हटला, तुका समाजलाच असतला."

पाहुणे आत येऊन बसले होते. वास्कोचा मुलगा इस्त्रीच्या सफारीत, पाय लांब करून बसलेला. निकेत त्याच्या पायांवरून वाकून टेबलाखाली गेला. त्याला टेबलाखालून फक्त पाय दिसत होते. तेवढ्यात हिरव्या काठाची एक साडी जवळ येऊन थांबली.

तो अर्धा बाहेर आला आणि हळूच म्हणाला, "माझ्यात काय कमी होता?"

योगिनीने इकडेतिकडे बघितलं. ती रागावलेली नव्हती, हेच त्याला जास्त लागलं.

"काय्येक नाय. हात चांगलो आसा तुमचो. पण माझ्या आवशीक एक कव्हर काढा म्हणान सांगूक तुमका जमला नाय. उद्या तुमची आये माझ्यार तापली तर तुमी काय करतलास? पंख्याक दोष देतलास?"

ती निघून गेली. निकेत टेबलाला धरून उभा राहिला. त्याचे कान तापले होते. एवढे दिवस जे गिळलं होतं ते सगळं एकदम वर आलं, होडीत यायचं तसंच.

"काकी!" तो ओरडला. "दोष पंख्याचो नाय! सप्लायचो नाय, लायटीचो नाय! तुमच्या ह्या कव्हरान कंपूटर भाजता! पयल्या दिवसापासून भाजता!"

भटजींनी हातातला नारळ खाली ठेवला. गुरुदासशेट भिंतीसारखे उभे. सावित्रीकाकी हळदीकुंकवाची तबकं सांभाळत दारातून पुढे आल्या आणि निकेतकडे, मग मोराकडे बघत राहिल्या.

"अगो बाय माझे!" त्या म्हणाल्या. "मगे पयलाच सांगूचा नाय रे, बाबा?"

त्यांनी कव्हर ओढून काढलं, चार घड्या घातल्या आणि शेजारच्या पाटावर ठेवून त्यावर ओटीचं सामान मांडलं. "माका काय तेचा? मी दुसऱ्या कित्याक तरी वापरीन."

एवढंच. ना राग, ना रुसवा. निकेत ज्या वादळाला इतके दिवस घाबरत होता, ते वादळ मुळात नव्हतंच.

कॉम्प्युटर सुरू झाला. बोटीचे फोटो एकामागून एक पडद्यावर आले. डेकवर उभा नवरा मुलगा, शिडीवर नवरा मुलगा, नांगराला टेकून नवरा मुलगा. कोणीतरी म्हणालं, "चित्र काय साफ दिसता रे!" निकेतला पंगतीत बसवलं गेलं, पण साखरपुडा असल्यामुळे जेवण शाकाहारी होतं. घरी तुळसाने विचारलं तेव्हा तो "डाळ-भात" म्हणाला आणि त्याचा अर्थ लावायला ती पुढे बसली नाही.

विजयदुर्गहून पुन्हा फोन आला नाही. येणार कसा? मशीनच्या आत बहुतेक सगळं नवं होतं आणि आता त्याला वाराही लागत होता.

भिकाजीने मात्र धडा घेतला. दुसरं स्थळ आलं ते आचऱ्याचं. एसटीत बसल्या बसल्याच त्याने मुलाला बजावलं, "थंय तोंड उघडू नको. कंपूटरचा नाव काढू नको. मी बोलतंय."

आचऱ्याच्या घरी मुलीचे आईवडील, मुलगी दिव्या आणि तिचा मामा, सगळे समोर बसले. मामाने विचारलं, "पोरगो काय करता?"

"मासेमारी," भिकाजी ठणकावून म्हणाला. "घरची होडी आसा. दर्यावरच असता."

आपण कधी दर्यावर गेलो तर काय होतं ते निकेतला आठवलं, पण त्याने बापाचं ऐकून मान डोलावली.

मुलीचा बाप बशी खाली ठेवून खंतावल्यासारखा म्हणाला, "पोरगो बरो दिसता हो. पण होडयो आमच्याच तीन आसत. आमच्या दिव्याचो हट्ट आसा, दर्यावरचो नको. कोण तरी कंपूटरवालो बगा म्हणता."

भिकाजीने निकेतकडे बघितलं. निकेतने तोंड उघडलं. मग चहा घेतला.