कंत्राटी रक्तदाब-उन्नायक

आंध्रातल्या उद्दानमच्या नारळबागांत मूत्रपिंडाचा रोग घरोघरी; ज्याची मूत्रपिंडं अजून शाबूत आहेत, त्याच्याकडे लोक जरा संशयानेच बघतात. माझी गेली, तेव्हा मीही रीतसर आमच्या डायलिसिस केंद्रात दाखल झालो. तिथलं यंत्र माझं रक्त धुऊन देतं. धुता धुता कधी रक्तदाब कोसळतो, डोळ्यांपुढे काजवे चमकतात आणि यंत्र बोंब ठोकतं. या बोंबेमुळे केंद्राची प्रतिमा मलिन होते, हे वरिष्ठांच्या निदर्शनास आलं. सबब नियम निघाला, की ज्याचा दाब तीनदा कोसळेल तो रुग्ण असहकारी समजावा व त्याची खाट प्रतीक्षेतल्याला द्यावी.

माझा दोनदा कोसळला होता. ही खाट गेली तर पुढची थेट चौघांच्या खांद्यावर, हे मला कळत होतं. मी जाम घाबरलो होतो.

तिसऱ्यांदा दाब घसरू लागला तेव्हा शेजारी माझ्या बायकोचा भाऊ तवुडू बसला होता. सिस्टर नीलवेणी माझे पाय उंच करायला धावली. तवुडूने मात्र मला 'बावा', म्हणजे भावोजी, म्हणत मेव्हण्याचा हक्क बजावला.

"काय बावा, लग्नात रुसून खाटेवर बसलास आणि माझ्या बापाकडून सायकल उकळलीस! चालवता येईना, तर वर्षभर म्हशीसारखी हातात धरून हिंडवलीस!"

"गाढवा, तुझ्या बापाने ब्रेक नसलेली सायकल दिली होती!" मी गरजलो.

दाब झपाट्याने वर आला. नीलवेणी बघतच राहिली.

आठवडाभरात प्रत्येक खाटेशेजारी एकेक मेव्हणा बसू लागला. कुणाचं टक्कल निघालं, कुणाची मानपानाची कटकट. यंत्रं गप्प झाली. मग अधीक्षक पात्रुडू गारूंनी, म्हणजे पात्रुडूरावांनी, हरकत घेतली.

"नातेवाइकांनी विनापरवाना अपमान करणं बेकायदा आहे. शासन स्वतः अपमान करायला समर्थ आहे."

यात खोटं काही नव्हतं. 'रक्तदाब-उन्नायक' हे कंत्राटी पद निर्माण झालं आणि मेव्हण्यांना फाटकाबाहेर काढण्यात आलं. परीक्षेत पहिला आला तो तत्त्वज्ञानाचा एम.ए. झालेला एक सोज्वळ तरुण. जात, जिल्हा, पक्ष, शरीर आणि कुटुंब यांपैकी कशालाही न दुखावणारा एकच अपमान समितीने मंजूर केला होता. तो तरुण खाटेखाटेशी जाऊन नमस्कार करून म्हणे, "क्षमा असावी, पण आपण तितकेसे हुशार नाही." रुग्णांना गाढ झोप लागे.

तेव्हा त्याला ध्वनिवर्धक देण्यात आला. त्याने काहींची छाती धडधडू लागली, म्हणून तोल साधायला 'हृदय-शांतक' नेमला. एक डाव्या कानाशी ओरडे, दुसरा उजव्या कानाशी भजन म्हणे. कुणाचं ऐकावं ते हृदयाला कळेना. ते एक ठोका याचा, दोन त्याचे, मध्येच सुट्टी, असं वागू लागलं. या दोघांच्या पगारापायी सलाइनचा साठाही आटला.

आणि माझी पाळी आली. दाब खाली गेला, ठोके वाटेल तसे पडू लागले. मला खरंच वाटलं, संपलं.

"सर, तवुडूला आत घ्या हो!" नीलवेणी रडकुंडीला आली.

"त्याच्याकडे पास आहे का?" पात्रुडू गारूंनी शांतपणे चष्मा पुसला.

तवुडू खिडकीच्या गजांना लटकला होता. माझे फिरलेले डोळे बघून त्याला टोमणा सुचेना. तो लहान पोरासारखा रडू लागला. "बावा, अक्काची काळजी करू नकोस! तुझी काजूची बाग मी सांभाळीन!"

"माझ्या बागेत पाऊल टाकलंस तर तंगडं मोडीन!"

दाब एकशेचाळीस. ठोके मुकाट्याने रांगेत आले. खाटही वाचली.

यथावकाश अहवाल गेला, की दोन्ही पदांची योजना यशस्वी झाली. खिडकीत विनापरवाना रडल्याबद्दल तवुडूला समज देण्यात आली. पात्रुडू गारूंना बढती मिळाली.

त्यांची खुर्ची सध्या रिकामी आहे. पात्रता एवढीच, की डोळ्यांदेखत माणूस जात असताना आपला रक्तदाब तसूभरही हलता कामा नये. आता हे सगळं वाचताना तुम्ही नुसते हसत होतात ना? मग बिनधास्त अर्ज करा.